धनुष्यातून सुटलेल्या बाणाला पुढे कोण नेते? न्यूटनपूर्व गतिविचारांविषयी एक प्रश्न

शंकासुर

नमस्कार. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर नुकताच एक मजकूर फिरत आला. न्यूटनचे गतिविषयक तिन्ही नियम कणाद ऋषींनी वैशेषिक सूत्रांत कितीतरी शतके आधी सांगून ठेवले होते, असा त्यातला दावा असून पुराव्यादाखल तीन संस्कृत वाक्ये दिली आहेत: ‘वेगः निमित्तविशेषात् कर्मणो जायते’, ‘वेगः निमित्तापेक्षात् कर्मणो जायते नियतदिक्क्रियाप्रबन्धहेतुः’ आणि ‘वेगः संयोगविशेषविरोधी’. त्यावर आमच्याच एका काकांनी प्रतिवाद केला की न्यूटनपूर्वी जगात कोणालाच गतीविषयी धड काही कळत नव्हते आणि ॲरिस्टॉटलने सांगितलेले चुकीचे सिद्धान्त लोक दोन हजार वर्षे घोकत बसले होते. मला ही दोन्ही विधाने सारखीच ठोकून दिलेली वाटतात. मात्र ती खोडून काढण्याइतके वाचन माझे नाही, म्हणून इथे विचारतो आहे.

चर्चा पसरू नये यासाठी प्रश्न मुद्दाम अरुंद ठेवतो. हाताने ढकललेली गाडी चालते आणि ढकलणे थांबवले की थोड्या वेळाने थांबते, हे कोणीही पाहू शकतो आणि त्यावरून ‘ढकलणारा आहे तोवर गती आहे’ असा निष्कर्ष काढणेही स्वाभाविक आहे. परंतु प्रत्यंचेपासून सुटलेल्या बाणाला किंवा गोफणीतून सुटलेल्या धोंड्याला नंतर कोणाचाच स्पर्श होत नाही, तरी तो दूरवर जातो. ही अडचण जुन्या विचारवंतांच्या लक्षात आली होती का आणि आली असल्यास त्यांनी तिची वाट कशी लावली? शिवाय वर दिलेली तीन वाक्ये खरोखर कणादांची आहेत का, हेही कोणी मूळ ग्रंथ पाहून सांगितले तर फार बरे होईल.

घाटमाथा

आपल्या काकांचा आक्षेप ग्रीकांवर असल्यामुळे मी तिकडूनच सुरुवात करतो. संस्कृत वाक्यांविषयी जाणकारांनी लिहावे.

ॲरिस्टॉटलच्या (इ.स.पू. ३८४ ते ३२२) मांडणीत पृथ्वीवरील गती दोन प्रकारची आहे. माती, पाणी, हवा आणि अग्नी या चार मूलतत्त्वांना विश्वात आपापली स्वाभाविक जागा असते आणि आडकाठी नसेल तर प्रत्येक तत्त्व आपल्या जागेकडे जाते. दगड खाली येतो आणि ज्वाला वर चढते ती या कारणाने. ही स्वाभाविक गती झाली. दगड वर फेकणे किंवा आडवा भिरकावणे ही मात्र त्याच्या स्वभावाविरुद्ध लादलेली गती होय आणि तिला सतत कोणीतरी चालक लागतो, तोही वस्तूला स्पर्श करून असणारा. आकाशातील गोलांसाठी त्याने पाचवे तत्त्व मानले आणि त्यांची गती वर्तुळाकार व अखंड ठरवली. स्पर्शाची ही अट घातल्यावर फेकलेला दगड ही अडचण होऊन बसते आणि ती त्याला पुरती ठाऊक होती. ‘भौतिकी’ या त्याच्या ग्रंथात ती दोन ठिकाणी येते.

त्याच्या काळी प्रचलित असलेले एक उत्तर असे होते की दगडाने पुढे सारलेली हवा वळसा घालून मागे येते, रिकामी झालेली जागा भरते आणि दगडाला ढकलते. ॲरिस्टॉटलने या उत्तराचा उल्लेख केला, परंतु स्वतःचे उत्तर वेगळे दिले. फेकणारा केवळ दगडाला हलवत नाही, तर लगतच्या हवेला ‘हलवण्याची शक्ती’ देतो. हवेचा एक थर ती शक्ती पुढच्या थराला देतो, प्रत्येक वेळी ती थोडी क्षीण होते आणि ती संपली की दगड आपल्या स्वाभाविक मार्गाने खाली येतो. म्हणजे एकच हवा दगडाला पुढे नेते आणि त्याला विरोधही करते. ही जोडणी ओढूनताणून केलेली आहे, असे त्याच्या पुढच्या अनेक वाचकांना वाटले आणि मलाही वाटते.

याच ग्रंथाच्या चौथ्या भागात, पोकळी असूच शकत नाही हे सिद्ध करताना, तो म्हणतो की पोकळीत एकदा हललेली वस्तू अमुकच ठिकाणी का थांबावी, याला काही कारण उरणार नाही. तेव्हा ती एक तर स्थिर राहील, नाही तर अधिक बलवान वस्तू आड येईपर्यंत अनंतापर्यंत जात राहील. आपण शाळेत पाठ केलेल्या पहिल्या नियमाच्या इतके जवळ जाणारे वाक्य त्याच्या हातून लिहिले गेले, पण त्याच्या दृष्टीने तो निष्कर्ष इतका असंभव होता की पोकळीच नाकारण्यासाठी त्याने तो वापरला.

तो निरीक्षण न करता लिहीत होता, हेही खरे नाही. जहाज ओढणाऱ्या माणसांचे उदाहरण त्याने दिले आहे: पुष्कळ माणसे मिळून एक जहाज अमुक वेळात अमुक अंतर ओढतात, यावरून एकटा माणूस तेवढ्याच वेळात त्या प्रमाणात थोडे अंतर ओढेल असे म्हणता येत नाही, कारण एकट्याने ते हलणारच नाही. घर्षण असलेल्या जगाचे हे वर्णन बरोबर आहे. जड वस्तू जलद पडते हे विधानही, ती वस्तू पाण्यासारख्या दाट माध्यमातून पडत असेल तर, सपशेल खोटे नाही. एकाच आकाराचे शिशाचे आणि लाकडाचे गोळे हवेत फार उंचावरून सोडले तरीही फरक पडतो. चूक झाली ती माध्यमाचा परिणाम हाच पतनाचा मूळ नियम मानण्यात.

आणि दोन हजार वर्षे कोणीच तोंड उघडले नाही, हे तर अजिबात खरे नाही. त्याच्याच विद्यापीठाचा पुढे प्रमुख झालेला स्ट्रेटो याने छपरावरून गळणारी पाण्याची धार वर सलग दिसते आणि खाली येताना तिचे तुटक थेंब होतात, यावरून पडणारी वस्तू वाटेत वेग घेत जाते असे दाखवले. ज्योतिषी हिपार्कस याने वर फेकलेल्या दगडात फेकणाऱ्याची शक्ती काही काळ शिल्लक राहते असे मानले. सर्वांत मोठा घाव घातला तो अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने. इ.स. ५१७ मध्ये ॲरिस्टॉटलच्या याच ग्रंथावर भाष्य लिहिताना त्याने साधा प्रश्न विचारला: हवाच जर ढकलत असेल, तर दगडाला हाताचा आणि बाणाला प्रत्यंचेचा स्पर्श हवा कशाला? एखाद्या बारीक आधारावर बाण ठेवावा आणि त्याच्या मागची हवा हव्या तितक्या यंत्रांनी जोरात ढकलावी. तो हातभरसुद्धा पुढे जाणार नाही. त्याचे उत्तर असे की फेकणारा वस्तूतच एक अमूर्त चालकशक्ती घालतो आणि हवेचे काम केवळ अडवण्याचे आहे. दोन अगदी वेगळ्या वजनांचे गोळे एकाच उंचीवरून सोडले तर त्यांच्या पडण्याच्या वेळांत फारच थोडा फरक पडतो, हेही त्याने त्याच भाष्यात नोंदवले आहे. नेदरलँड्समध्ये सिमॉन स्टेव्हिनने एक दुसऱ्याच्या दहापट जड असे शिशाचे दोन गोळे तीस फुटांवरून फळीवर टाकून दोन्हींचा आवाज एकदमच ऐकू येतो हे दाखवल्याचे १५८६ मध्ये छापले, त्याच्या हजारहून अधिक वर्षे आधीची ही नोंद आहे.

निरुक्ती

त्या तीन वाक्यांविषयी लिहिते, कारण हा मजकूर माझ्याकडेही अनेकदा आला आहे.

ही वाक्ये कणादांच्या सूत्रांत नाहीत. ती प्रशस्तपादाच्या ‘पदार्थधर्मसंग्रह’ या ग्रंथातील आहेत. हा ग्रंथ साधारणपणे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात आणि तो वैशेषिक दर्शनाचा प्रमाणभूत ग्रंथ आहे. मुळात ती तीन वाक्येही नाहीत. मूळ वाक्य एकच आहे: ‘वेगो मूर्तिमत्सु पञ्चसु द्रव्येषु निमित्तविशेषापेक्षात् कर्मणो जायते नियतदिक्क्रियाप्रबन्धहेतुः स्पर्शवद्द्रव्यसंयोगविशेषविरोधी’ आणि त्यापुढे आणखी थोडा भाग आहे. न्यूटनच्या नियमांची संख्या तीन असल्यामुळे या वाक्याचे तीन तुकडे केले गेले आणि प्रत्येक तुकड्याला ‘वेगः’ हे कर्तृपद नव्याने जोडण्यात आले.

मूळ वाक्याचा अर्थ असा: वेग हा गुण पाच मूर्त द्रव्यांत असतो, विशिष्ट निमित्ताच्या साहाय्याने तो कर्मापासून उत्पन्न होतो, ठरावीक दिशेने एकामागून एक होणाऱ्या हालचालींच्या मालिकेचे तो कारण असतो आणि स्पर्शयुक्त द्रव्याशी होणारा विशिष्ट संयोग त्याचा विरोधी असतो. आता तिसरा तुकडा पाहावा. मूळच्या पदातून ‘स्पर्शवद्द्रव्य’ हा भाग गाळला आणि उरलेल्या ‘संयोगविशेषविरोधी’वर ‘प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते’ असा अर्थ लादला. प्रत्यक्षात तिथे इतकेच म्हटले आहे की वेगाने जाणारी वस्तू एखाद्या स्पर्शयोग्य वस्तूवर आदळली की वेग नष्ट होतो. वाक्याच्या आरंभी आलेली पाच द्रव्ये म्हणजे पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन. मनालाही वेग असतो असे म्हणणाऱ्या वाक्यात यांत्रिकीचा नियम शोधणे हा त्या वाक्यावरही अन्यायच आहे.

हे सांगितल्यावर ‘मग आपल्याकडे काहीच नव्हते’ असे म्हणायला काही जण टपलेले असतात, म्हणून पुढचे लिहिते. शंकासुर यांनी विचारलेला नेमका प्रश्न, म्हणजे सुटलेल्या बाणाचा, कणादांच्या सूत्रांत नावानिशी आहे. पाचव्या अध्यायाचे पहिले आह्निक, म्हणजे पोटविभाग, संपूर्णपणे कर्मावर, म्हणजे हालचालीवर आहे. त्यातले सूत्र असे: ‘नोदनादाद्यमिषोः कर्म तत्कर्मकारिताच्च संस्कारादुत्तरं तथोत्तरमुत्तरं च’. बाणाची पहिली हालचाल नोदनामुळे, म्हणजे प्रत्यंचेच्या लागून राहणाऱ्या रेट्यामुळे होते. त्या हालचालीने बाणात संस्कार उत्पन्न होतो. त्या संस्कारामुळे दुसरी हालचाल होते आणि अशीच पुढची व तिच्या पुढची. लगेच पुढचे सूत्र: ‘संस्काराभावे गुरुत्वात् पतनम्’. संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. बाहेरच्या हवेला चालक न मानता बाणातच काहीतरी उत्पन्न झाले असे मानणारे हे उत्तर आहे आणि घाटमाथा यांनी सांगितलेल्या फिलोपोनसच्या उत्तराशी त्याचे साम्य उघड आहे, मात्र या दोन परंपरांत या विषयावर देवाणघेवाण झाल्याचा काही पुरावा नाही.

याच आह्निकाच्या आरंभी उखळ-मुसळाचे उदाहरण आहे आणि मला ते बाणापेक्षाही अधिक आवडते. आत्म्याचा संयोग आणि प्रयत्न यांमुळे हातात हालचाल होते. हाताच्या संयोगामुळे मुसळात होते. इथपर्यंत सोपे आहे. पण मुसळ उखळात आदळून उसळी घेते तेव्हा तिच्या वर येण्याचे कारण हाताचा संयोग नव्हे, तर आघात होय, असे सूत्रकार स्पष्ट सांगतात आणि पुढे असेही म्हणतात की त्या वेळी हातच मुसळीच्या संयोगाने वर जातो. कांडप करणाऱ्या बाईच्या हाताला जाणवणारा तो हिसका इतक्या बारकाईने पाहून, त्या एका क्षणापुरते चालक कोण आणि चालित कोण यांची अदलाबदल करणे, ही साधी गोष्ट नाही.

प्रशस्तपादाने याच पद्धतीने धनुर्धराचे वर्णन केले आहे. धनुर्धर डाव्या हाताने धनुष्य पेलतो, उजव्या हाताने बाण जोडून प्रत्यंचा खेचतो आणि धनुष्य वाकून मंडलाकार होते. मूठ सैल होताच धनुष्याला पूर्वस्थितीला आणणारा ‘स्थितिस्थापक’ संस्कार काम करू लागतो, त्यामुळे प्रत्यंचा व बाण यांच्यात नोदन होते आणि बाणात वेग उत्पन्न होतो. वेग आणि स्थितिस्थापक यांच्या जोडीला संस्काराचा तिसरा प्रकार ‘भावना’ हा आहे. त्यामुळे आठवण राहते. बाणाचा वेग, धनुष्याचा ताठपणा आणि माणसाची स्मृती हे तिन्ही एकाच वर्गात घालण्यामागचा विचार असा आहे की पूर्वीच्या घटनेचा ठसा मागे राहून पुढे काम करतो. ही वर्गवारी सुंदर आहे, परंतु ती तत्त्वज्ञाची आहे. तिच्यात किती, केव्हा आणि कोणत्या प्रमाणात हे प्रश्न येत नाहीत. बाणाच्या संपूर्ण उड्डाणात एकच संस्कार टिकतो की प्रत्येक क्षणी नवा उत्पन्न होतो, यावर पुढच्या टीकाकारांनी वाद घातला, पण बाण किती लांब जाईल यावर घातला नाही. शिवाय अग्नीचे वर उसळणे, वाऱ्याचे आडवे वाहणे आणि लोहचुंबकाकडे सुईचे सरकणे यांचे कारण सूत्रकारांना सापडले नाही, तेव्हा त्यांनी ते ‘अदृष्ट’ या कोटीत टाकले.

पाणचक्की

मूळ प्रश्नाला एक शेजारचा धागा जोडतो. गतीविषयीच्या या कल्पनांचा खरा कस ‘पृथ्वी फिरते का’ या वादात लागला.

आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहिले की नावेतून पुढे जाणाऱ्या माणसाला काठावरची स्थिर झाडे-दगड मागे जाताना दिसतात, त्याप्रमाणे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्यावर वराहमिहिराने हरकत घेतली की असे असेल तर घारीसारखे पक्षी आपल्या घरट्यापर्यंत परत कसे येतील आणि लल्ल या ज्योतिर्विदाने विचारले की सरळ वर सोडलेला बाण पश्चिमेला का पडत नाही. टॉलेमीनेही दुसऱ्या शतकात ढग आणि उडणारे पक्षी मागे पडतील, असाच मुद्दा मांडला होता. हे सगळे आक्षेप त्या-त्या काळच्या गतिविचाराशी सुसंगत होते. जमिनीपासून सुटलेली वस्तू जमिनीची गती सोबत घेऊन जाते हे कोणी सांगितलेलेच नसताना, बाण त्याच जागी पडतो याचा अर्थ पृथ्वी स्थिर आहे असाच होणार.

चौदाव्या शतकात पॅरिसच्या निकोल ओरेमने नावेचेच उदाहरण घेऊन उत्तर दिले: चालत्या जहाजावरच्या माणसाने डोलकाठीलगत आपला हात वरून खाली नेला तर त्याला स्वतःला तो सरळ खालीच गेलेला दिसेल. प्रत्यक्ष प्रयोग फ्रेंच तत्त्वज्ञ गासाँदीने १६४० मध्ये मार्सेलजवळ वेगाने वल्हवलेल्या गलबतावर केला. डोलकाठीवरून सोडलेला दगड तिच्या पायथ्याशीच पडला.

व्हॉट्सॲपवर याचा जोडीदार असलेला दुसरा दावा भास्कराचार्यांच्या नावाने फिरतो, म्हणून तेही लिहून टाकतो. ‘आकृष्टिशक्तिश्च मही’ हा श्लोक खरा आहे, तो ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या (११५०) गोलाध्यायात आहे आणि आकाशातील जड वस्तूला पृथ्वी आपल्या शक्तीने आपल्याकडे ओढते, म्हणून ती पडल्यासारखी भासते, असाच त्याचा अर्थ आहे. परंतु तिथला मुद्दा पृथ्वी स्वतः खाली का पडत नाही हा आहे: सगळीकडे सारखेच आकाश असताना तिने पडायचे कोणत्या बाजूला? अंतरानुसार ती ओढ किती कमी होते, हे त्यात नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाणाऱ्यांनी तिथला शिलालेख अवश्य पाहावा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे.

लंबक

वरचे प्रतिसाद उत्तम आहेत. फिलोपोनसपासून गॅलिलिओपर्यंतचा मधला टप्पा राहिला आहे, तो भरून काढतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझा कल कोणाचे उत्तर आजच्या उत्तरापासून नेमके कुठे वेगळे पडते हे पाहण्याकडे राहील.

अरबी भाषेत लिहिणाऱ्या विद्वानांनी फिलोपोनसची कल्पना पुढे नेली. इब्न सिना (९८० ते १०३७) याने फेकलेल्या वस्तूत ‘मैल’, म्हणजे कल किंवा झुकाव, निर्माण होतो असे मानले आणि तो आपोआप संपत नाही, अडथळ्यामुळे संपतो असे सांगितले. त्यामुळे पोकळीत फेकलेली वस्तू थांबणार नाही, असा निष्कर्ष त्यालाही काढावा लागला. बाराव्या शतकात बगदादच्या अबुल बरकात याने हा मैल आपोआप झिजतो असे म्हटले, पण त्याच वेळी पडणाऱ्या वस्तूत मैलाची सतत भर पडत जाते, म्हणून तिचा वेग वाढतो, हे महत्त्वाचे स्पष्टीकरण दिले.

पॅरिस विद्यापीठातील जाँ ब्युरिदाँ (सुमारे १३०० ते १३६०) याचे लेखन तर वर्गात वाचून दाखवावे असे आहे. हवा ढकलत नाही हे दाखवण्यासाठी त्याने घेतलेली उदाहरणे रोजच्या पाहण्यातली होती. लोहाराचे सहाणेचे चाक एकदा फिरवून हात काढून घेतला तरी बराच वेळ फिरत राहते. ते आपली जागा सोडत नाही, तेव्हा मागची रिकामी जागा भरायला हवा धावते असे म्हणण्याची सोयच नाही, शिवाय चाकाभोवतीची हवा कापडाने अडवली तरी ते फिरतच राहते. दोन्ही टोकांना अणकुचीदार केलेला भाला एका टोकाला बोथट असलेल्या भाल्याइतकाच जातो, वास्तविक मागचे टोक टोकदार असल्यावर हवेने त्याला ढकलायचे कुठे? नदीच्या प्रवाहाविरुद्ध ओढत आणलेली नाव ओढणे थांबवल्यावरही पुढे जात राहते, तेव्हा तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला हवा पाठीवर जाणवत नाही, तोंडावर जाणवते. आणि नावेत धान्य किंवा लाकूड भरलेले असेल व माणूस त्याच्या मागे उभा असेल तर, हवाच ढकलत असती, त्याचा मालावर चेंगरून चुराडा झाला असता.

ब्युरिदाँने वस्तूत शिरणाऱ्या या गोष्टीला ‘इंपीटस’ म्हटले आणि ती वस्तूतील द्रव्याचे प्रमाण व वेग या दोहोंवर अवलंबून असते असे सांगितले. पिसापेक्षा दगड दूर जातो त्याचे कारण त्याच्यात द्रव्य अधिक असल्यामुळे इंपीटसही अधिक मावते. बरोबर त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयातील गणिती एकसारख्या वाढत्या वेगाने कापलेले अंतर सरासरी वेगावरून काढू लागले होते, पण ती त्यांची कागदावरची कसरत होती. पडणाऱ्या दगडाला ती त्यांनी लावली नाही. ते काम गॅलिलिओने केले. १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या ग्रंथात त्याने उतरत्या फळीतील गुळगुळीत खाचेतून काशाची गोळी सोडून, मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी तोलून वेळ मोजल्याचे सविस्तर लिहिले आहे. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यातून निघाले. त्याने ‘का’ हा प्रश्न तात्पुरता बाजूला ठेवला आणि ‘किती’ हा प्रश्न आधी सोडवला, हे माझ्या मते सगळ्यांत मोठे वळण आहे, आणि निरुक्ती यांनी वैशेषिकांविषयी जे उणे म्हणून दाखवले ते नेमके इथे भरून निघते.

शंकासुर

सर्वांचे मनापासून आभार. निरुक्तीताई, मूळ वाक्य दिल्याने माझे मोठे काम झाले. लंबक सर, एक गोष्ट मात्र अजून उकलत नाही. इब्न सिना म्हणतो की अडथळा नसेल तर मैल संपत नाही आणि ब्युरिदाँचे इंपीटस द्रव्य गुणिले वेग असे आहे. ही तर आपली संवेगाची व्याख्या झाली. मग पहिला नियम आणि संवेग ही दोन्ही चौदाव्या शतकातच सापडली होती असे का म्हणू नये?

लंबक

म्हणता येत नाही आणि त्याची कारणे दोन आहेत.

पहिले असे की या सगळ्यांच्या दृष्टीने, ॲरिस्टॉटलपासून ब्युरिदाँपर्यंत आणि वैशेषिकांसकट, गती चालू राहण्यासाठी काहीतरी कारण लागतेच. भांडण होते ते कारण वस्तूच्या बाहेर, हवेत, आहे की वस्तूच्या आत. फिलोपोनस, कणाद, इब्न सिना आणि ब्युरिदाँ यांनी कारण आत नेले, पण काढून टाकले नाही. इंपीटस बाणाला पुढे नेतो. आपला संवेग बाणाला पुढे नेत नाही, तो बाणाच्या गतीचे केवळ माप आहे. पहिल्या नियमानुसार एकसमान गतीला कारण लागतच नाही, कारण लागते ते गती बदलायला. स्थिर राहणे आणि एकाच वेगाने सरळ जाणे या दोन अवस्था एकाच पंक्तीला बसवायला जे धैर्य लागते, ते चौदाव्या शतकात दिसत नाही. ब्युरिदाँ स्वतः पृथ्वीचे भ्रमण नाकारताना पाणचक्की यांनी सांगितलेला सरळ वर सोडलेल्या बाणाचाच दाखला देतो, यावरून हे पुरेसे स्पष्ट व्हावे.

दुसरे कारण दिशेचे आहे. ब्युरिदाँच्या सहाणेच्या चाकात वर्तुळाकार इंपीटस आहे आणि ग्रहगोलांना ईश्वराने आरंभी तसाच इंपीटस दिला, आकाशात विरोध नसल्यामुळे तो अजून टिकून आहे, असे तो सुचवतो. म्हणजे वर्तुळात फिरत राहणे हे सरळ जाण्याइतकेच आपसूक घडणारे मानले आहे. गॅलिलिओसुद्धा यातून पुरता सुटला नाही. त्याच्या लेखनात घर्षणरहित पृष्ठभागावर न थांबता जाणारी गोळी पृथ्वीच्या वक्राकाराला धरून जाते. बाहेरून काही आड आले नाही तर वस्तू सरळ रेषेतच जाईल आणि गोफणीतला धोंडा वर्तुळात फिरतो तो दोरीने धरून ठेवल्यामुळे, हे निःसंदिग्धपणे छापले देकार्तने, १६४४ मध्ये. ते झाल्याशिवाय चंद्राला पृथ्वीकडे कोण वळवते हा प्रश्नच उभा राहू शकत नव्हता.

नववीच्या वर्गात मी फळ्यावर वर फेकलेल्या चेंडूचे चित्र काढून, हात सुटल्यानंतर त्याच्यावर कोणकोणती बले आहेत असे विचारतो, तेव्हा निम्म्याहून अधिक मुले हवेचा रोध सोडून देऊन ‘हाताचे बल’ मात्र आवर्जून दाखवतात आणि ते वर जाताना संपत जाते असेही सांगतात. ती मुले ब्युरिदाँची शिष्य आहेत आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. जुन्या शब्दाची पकड न्यूटनवरही होती: ‘प्रिन्सिपिया’च्या (१६८७) तिसऱ्या व्याख्येत तो वस्तूने आपली स्थिर किंवा एकसमान सरळ गतीची अवस्था टिकवून धरण्याच्या गुणाला द्रव्यातील ‘अंगभूत बल’ असेच म्हणतो आणि चौथ्या व्याख्येत लगेच बजावतो की बाहेरून लावलेले बल क्रिया चालू असेपर्यंतच असते, क्रिया संपल्यावर ते वस्तूत राहत नाही.